गोष्ट कुणाची?

राजस्थानातल्या आभानेरी गावची चांद बावडी आपल्यापैकी अनेकांनी निदान छायाचित्रात तरी पाहिलेली असते. तळाकडे निमुळती होत जाणारी ती अजस्र विहीर आणि तिच्या तीन अंगांना त्रिकोणी नक्षीसारख्या उतरलेल्या हजारो पायऱ्या. ‘द फॉल’ या चित्रपटात या पायऱ्यांवरून काळ्या वेशातले शिपाई धावतात. पुढे जोधपूरची निळी घरं येतात, समुद्राच्या निळ्या पाण्यात पोहणारा हत्ती येतो, आणि पाहणारा भान हरपून बसतो. जालंधरमध्ये जन्मलेल्या तरसेम सिंग यांनी चारेक वर्षं, वीसहून अधिक देशांत फिरून, बराचसा पैसा पदरचा घालून हा चित्रपट केला. 2006मध्ये तो टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला.

मी तो पाहिला तेव्हा मनात राहिलं ते मात्र श्रेयनामावलीतलं एक नाव. चित्रपट ‘यो हो हो’ नावाच्या बल्गेरियन पटकथेवर आधारलेला आहे आणि ती पटकथा वालेरी पेत्रोव्ह यांची आहे, असं तिथे लिहिलेलं होतं. हे पेत्रोव्ह कोण, एवढ्या साध्या कुतूहलापासून सुरुवात झाली. त्या नावामागे चौऱ्याण्णव वर्षांचं एक आयुष्य निघालं. कवीचं, डॉक्टरचं, पटकथाकाराचं, शेक्सपिअरच्या अनुवादकाचं. साम्यवादावर मनापासून विश्वास ठेवणाऱ्या आणि साम्यवादी पक्षानेच बाहेर काढलेल्या माणसाचं.

आधी ‘यो हो हो’ची गोष्ट सांगतो. 1981 सालचा हा चित्रपट झाको हेस्किया यांनी दिग्दर्शित केला. एका हॉस्पिटलात हात मोडलेला दहा वर्षांचा मुलगा आहे. तिथेच एक तरुण नट पडून आहे. पाठीच्या कण्याला मार बसल्याने त्याला चालता येत नाही आणि आता जगायचंही नाही. तो मुलाला समुद्री चाच्यांची गोष्ट सांगू लागतो. गोष्ट रंगते, मुलगा रोज येऊन खाटेशी बसतो. आसपास वावरणारी माणसंच वेश बदलून गोष्टीत शिरतात. पण नटाचा हेतू वेगळा आहे. मुलाला गोष्टीची चटक लागली की त्याच्याकरवी औषधं आणवायची आणि ती खाऊन मरायचं. गोष्ट हे आमिष आहे, आणि ज्याला ते दाखवलं जातंय त्याला त्याचा पत्ता नाही.

एखाद्या एकपक्षीय राजवटीत पस्तीसेक वर्षं लिहीत आलेल्या माणसानं ही कल्पना कागदावर उतरवावी, हे मला फार बोलकं वाटतं. सुंदर गोष्ट सांगून ऐकणाऱ्याकडून भलतंच काम करून घेता येतं, हे पेत्रोव्ह यांना ठाऊक होतं. त्यांच्या पिढीनं अशी एक गोष्ट ऐकली होती आणि तिच्यावर जीव लावला होता.

वालेरी निसिम मेव्होराह हे त्यांचं जन्मनाव. जन्म 22 एप्रिल 1920, सोफियातला. वडील निसिम मेव्होराह हे ज्यू, पेशानं वकील आणि विचारानं डावे. आई मारिया पेत्रोव्हा, फ्रेंचची शिक्षिका. ‘पेत्रोव्ह’ हे लेखननाम आईच्या आडनावावरून आलं. मुलगा सोफियातल्या इटालियन शाळेत शिकला आणि इटालियन भाषा त्याला जन्मभर पुरली. शाळकरी वयातच त्याचं पहिलं दीर्घकाव्य पुस्तकरूपात निघालं. ‘उत्तरेकडे जाणारे पक्षी’ अशा अर्थाचं त्याचं नाव, आणि कवीचं नाव म्हणून छापलं होतं एक टोपणनाव, आसेन राकोव्स्की. पुढे त्यानं सोफिया विद्यापीठात वैद्यक शिकायला घेतलं.

ते शिक्षण चालू असतानाच देश जर्मनीच्या गोटात गेला. जानेवारी 1941मध्ये ‘राष्ट्ररक्षणा’चा कायदा अमलात आला. ज्यूंनी काय काम करायचं, कुठे राहायचं, कुणाशी लग्न करायचं, सगळ्याला बंधनं पडली. मे 1943मध्ये सोफियातल्या ज्यूंना राजधानीबाहेर हाकलण्यात आलं. खुद्द बल्गेरियातल्या जवळपास 48 हजार ज्यूंना मृत्युछावण्यांत पाठवण्याचा बेत उधळला गेला. त्यात संसदेचे उपसभापती दिमितर पेशेव्ह आणि ऑर्थोडॉक्स चर्चचे धर्मगुरू यांचा मोठा वाटा होता. पण बल्गेरियाने व्यापलेल्या थ्रेस आणि मॅसिडोनियातल्या 11 हजारांहून अधिक ज्यूंना बल्गेरियन अधिकाऱ्यांनीच गाड्यांत भरलं आणि ते त्रेब्लिंकाला मारले गेले. वर्षं तीच, सरकारही तेच. त्याच काळात, जुलै 1942मध्ये, निकोला वाप्त्सारोव्ह हा इंजिनांवर काम करणारा साम्यवादी कवी सोफियातल्या लष्करी गोळीबार मैदानात गोळ्या घालून मारला गेला. पेत्रोव्ह तेव्हा बावीस वर्षांचे होते.

हे सगळं डोळ्यांसमोर घडलेल्या तरुणाला 9 सप्टेंबर 1944 हा दिवस कसा वाटला असेल, हे समजून घेतल्याशिवाय पुढचं आयुष्य कळत नाही. सोव्हिएत फौजा देशात आल्या आणि साम्यवाद्यांच्या पुढाकाराच्या पितृभूमी आघाडीनं सत्ता घेतली. पेत्रोव्ह यांच्या दृष्टीनं तो सुटकेचा दिवस होता. त्याच वर्षी ते डॉक्टर झाले होते. काही काळ रेडिओ सोफियात काम केलं. मग बल्गेरियन सैन्य जर्मनांविरुद्ध लढायला निघालं तेव्हा आघाडीवरच्या वृत्तपत्रासाठी लिहिलं. लष्करी हॉस्पिटलात आणि रिला मठाच्या परिसरात डॉक्टरकीही केली. 1946मध्ये ‘स्तर्शेल’, म्हणजे ‘गांधीलमाशी’, हे विनोदी साप्ताहिक सुरू झालं. त्याच्या संस्थापकांत ते होते आणि पुढे अनेक वर्षं त्याचे उपसंपादक होते. 1947 ते 1950 ही वर्षं ते रोमच्या बल्गेरियन वकिलातीत होते, वृत्तपत्रं आणि संस्कृती यांचं काम पाहायला. इटालियन शाळेतलं शिक्षण इथे कामी आलं, आणि युद्धानंतरचा इटालियन सिनेमा ऐन बहरात असताना हा तरुण कवी त्याच्या राजधानीत राहत होता.

याच वर्षांची दुसरी बाजूही सांगायला हवी. 1944च्या डिसेंबरात बसलेल्या तथाकथित जनता न्यायालयानं काही महिन्यांत अडीच हजारांहून अधिक लोकांना मृत्युदंड दिला. 1949मध्ये डॅन्यूब नदीतल्या बेलेने बेटावर राजकीय कैद्यांची छावणी उभी राहिली. ज्या राजवटीनं पेत्रोव्ह यांना रोमला पाठवलं, तिचंच हे काम. त्यांच्यावर प्रेम करणाऱ्या चरित्रलेखकानंही हा प्रश्न टाळू नये, असं मला वाटतं. ते त्या गोष्टीच्या आत होते. तिच्यावर त्यांची श्रद्धा होती आणि तिनं दिलेली कामं ते निष्ठेनं करत होते. पुढे ते जे वागले त्याचं मोल कळायचं, तर ते कुठे उभे राहून तसे वागले हे आधी पाहावं लागतं.

स्टालिन 1953मध्ये गेला. एप्रिल 1956च्या पक्षबैठकीनंतर पक्षप्रमुख तोदोर झिव्हकोव्ह यांचं आसन पक्कं झालं आणि लेखनावरचा फास थोडा सैल झाला. बल्गेरियातला चित्रपट व्यवसाय 1948मध्येच सरकारी झाला होता. पटकथा लेखकानं लिहायची, ती संपादकांकडून कलामंडळाकडे जायची, तिथून वर, आणि आणखी वर. प्रत्येक पायरीवर कुणीतरी शेवट बदलायला सांगू शकत होतं. एवढं असूनही, किंवा कदाचित म्हणूनच, चित्रपटात चांगले कवी आले. संवादावर आक्षेप घेता येतो. पाण्यावरचा उजेड किंवा चेहऱ्यावरची सावली खोडायला मात्र कुठली ओळ सापडत नाही.

1958 साली आलेला ‘छोट्या बेटावर’ हा पेत्रोव्ह यांनी लिहिलेला आणि रांगेल वल्चानोव्ह यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. वल्चानोव्ह यांचं हे दिग्दर्शनातलं पदार्पण होतं. कॅमेरा दिमो कोलारोव्ह यांचा, संगीत सिमेओन पिरोन्कोव्ह यांचं. या मंडळींनी बल्गेरियन पडद्यावर जे सुरू केलं त्याला तिथले अभ्यासक ‘काव्यात्म सिनेमा’ म्हणतात. गोष्ट साम्यवाद्यांचा 1923चा उठाव चिरडला गेल्यानंतरची. काळ्या समुद्रातलं एक उघडं बेट, त्यावरचे कैदी, आणि त्यांतल्या चौघांची सुटकेची धडपड. चौघे चार स्वभावांचे. एक डॉक्टर आहे, एक अजून पोरगेला विद्यार्थी आहे, एक सतत गमती करणारा आहे. सुटका कुणाचीच होत नाही.

हे बेट खरं आहे. बुर्गासच्या उपसागरातलं संत अनास्तासियाचं बेट, पूर्वी त्यावर मठ होता. 1925मध्ये तिथे ठेवलेल्या राजकीय कैद्यांपैकी 43 जण पहारेकऱ्यांवर मात करून खरोखर निसटले. नव्या राजवटीनं त्यांच्या स्मरणार्थ बेटाचं नावच ‘बोल्शेविक’ ठेवलं. 1990पर्यंत ते तसंच राहिलं. म्हणजे विजयाची एक तयार गोष्ट हाताशी होती. पेत्रोव्ह आणि वल्चानोव्ह यांनी ती बाजूला ठेवली आणि जे सुटू शकले नाहीत त्यांची गोष्ट सांगितली. पक्षाच्या समीक्षकांना यात निराशा दिसली. क्रांतिकारक इतके एकटे आणि घाबरलेले कसे, त्यांना वर्गापेक्षा स्वतःचा चेहरा जास्त का, असा आक्षेपाचा सूर होता. ‘अमूर्त मानवतावाद’ हा त्या काळचा ठपका, आणि तो लागला की लेखकाच्या अडचणी सुरू होत.

चित्रपट आला तेव्हा डॅन्यूबमधली बेलेनेची छावणी चालू होती. हंगेरीतल्या 1956च्या उठावानंतर ती पुन्हा भरण्यात आली होती आणि 1959मध्ये बंद झाली. काळ्या समुद्रातल्या जुन्या तुरुंगाचा चित्रपट पाहताना प्रेक्षकांतल्या कुणाला नदीतलं ते दुसरं बेट आठवलंच नसेल, हे मानायला माझं मन तयार नाही. पटकथेत त्याचा शब्द नाही. पण बेट, तार, पहारा आणि वाट पाहणारी माणसं एकदा पडद्यावर आली की ती कुठल्या सालची हे प्रेक्षक आपापलं ठरवतो.

पुढे या दोघांनी आणखी दोन चित्रपट केले. ‘पहिला धडा’ 1960मध्ये कान महोत्सवाच्या स्पर्धेत होता. युद्धकाळातलं सोफिया, गरीब घरातला पेशो आणि सुखवस्तू घरातली व्हिओलेता, त्यांचं कोवळं प्रेम आणि आड येणारा काळ. 1962च्या ‘सूर्य आणि सावली’मध्ये तर समुद्रकिनारा, एक मुलगा आणि एक मुलगी, एवढंच. ऊन लख्ख आहे, दोघं एकमेकांना आवडताहेत, आणि मुलीच्या मनात अणुयुद्धाचं भय आहे. मुलीची भूमिका पोलिश नटी आन्ना प्रुत्स्नाल हिनं केली. जवळपास काहीच न घडणारा चित्रपट, पण डोक्यावरचं निरभ्र आकाशही भीतीचं कारण होऊ शकतं, हे तो दाखवतो. याच सुमारास पेत्रोव्ह यांचं ‘मऊ शरद’ अशा अर्थाच्या नावाचं दीर्घकाव्यही आलं. हरवलेले सोबती आठवणारं ते काव्य आजही त्यांच्या सर्वांत मोठ्या रचनांत गणलं जातं.

माझा विशेष जीव आहे तो 1966च्या ‘चिलखत नसलेला सरदार’ या चित्रपटावर. दिग्दर्शक बोरिस्लाव्ह शारालिएव्ह. वान्यो नावाचा लहान मुलगा सरदारांच्या गोष्टींत रमलेला आहे. त्याच्या भोवतीची मोठी माणसं वाईट नाहीत. ती फक्त रोज थोडं खोटं बोलतात, थोडी टाळाटाळ करतात, जिथे बोलायला हवं तिथे गप्प बसतात. मुलगा बघत राहतो. त्याला समजून घेणारा असतो तो एक मामा, अपोस्तोल कारामितेव्ह या थोर नटानं रंगवलेला. साऱ्या व्यवस्थेवर याहून हळू आवाजात बोट ठेवणारा चित्रपट मी तरी पाहिलेला नाही. लहान मुलाच्या नजरेसमोर मोठ्यांना उभं करणं ही पेत्रोव्ह यांची आवडती रीत होती. त्यात हिशेब चुकता करायचा नसतो, पण ती माणसाला सुटूही देत नाही.

त्यांच्या आसपासच्यांचं काय झालं, तेही पाहू. ख्रिस्तो गानेव्ह हे स्वतः युद्धकाळात पक्षाच्या गनिमी तुकडीत लढलेले. त्यांनी लिहिलेला आणि त्यांची पत्नी बिन्का झेल्याझ्कोव्हा यांनी केलेला, जुन्या लढवय्यांच्या आजच्या अधःपाताविषयीचा चित्रपट 1957मध्ये तयार झाला. तो दाखवला गेला 1988मध्ये. मधली 31 वर्षं तो डब्यात होता. पेत्रोव्ह यांचे मित्र, उपहासकार रादोय रालिन यांच्या चारोळीवजा सूत्रांचं ‘तिखट मिरच्या’ हे पुस्तक 1968मध्ये निघालं. बोरिस दिमोव्स्की यांनी त्यासाठी काढलेल्या एका डुकराच्या शेपटीचं वळण थेट झिव्हकोव्ह यांच्या सहीसारखं निघालं आणि पुस्तक नष्ट करण्याचा हुकूम सुटला. कॉन्स्तान्तिन पाव्लोव्ह हा तेरा वर्षांनी धाकटा कवी. त्याचा संग्रह 1965मध्ये निघाला आणि त्यानंतरचा थेट 1983मध्ये. मधल्या काळात त्याला तारलं पटकथांनी. पुस्तकाचं दार बंद झालेल्या कवीला चित्रपटाची खिडकी उघडी असे, आणि एका कवीला अठरा वर्षं जगवणारी खिडकी लहान म्हणता येत नाही.

आता 1970. त्या वर्षीच्या 8 ऑक्टोबरला अलेक्सांद्र सोल्झेनित्सिन यांना नोबेल पारितोषिक जाहीर झालं. सोव्हिएत लेखक संघानं त्यांना आदल्याच वर्षी बाहेर काढलं होतं. मॉस्कोनं संताप व्यक्त केला आणि मित्रदेशांच्या लेखक संघांनीही तो करावा, हे ओघानंच आलं. सोफियात बल्गेरियन लेखक संघातल्या पक्षसदस्यांपुढे पारितोषिकाचा निषेध करणारा मजकूर आला. संघाचे अध्यक्ष तेव्हा कवी गेओर्गी जागारोव्ह होते. अशा बैठकीत काय करायचं हे सगळ्यांना माहीत असे. मजकूर वाचला जाई, हात वर होत, आणि ‘एकमतानं’ हा शब्द इतिवृत्तात लिहिला जाई.

त्या दिवशी तो शब्द लिहिता आला नाही. ख्रिस्तो गानेव्ह, वालेरी पेत्रोव्ह, मार्को गान्चेव्ह, गोचो गोचेव्ह आणि ब्लागोय दिमित्रोव्ह यांनी साथ द्यायला नकार दिला. फक्त पाच जण. त्यांतला कुणी राजवटीचा जुना शत्रू नव्हता, सगळे पक्षातलेच होते. सोल्झेनित्सिन यांच्या मोठ्या कादंबऱ्या त्यांच्या स्वतःच्या देशातही छापल्या गेलेल्या नव्हत्या. छापू न दिलेल्या पुस्तकांच्या लेखकाला दोषी ठरवण्यासाठी लेखकांचे हात मागितले जात होते.

पेत्रोव्ह यांच्यासह चौघांना पक्षातून काढून टाकण्यात आलं, दिमित्रोव्ह यांना शेवटची ताकीद मिळाली.

परदेशी वृत्तपत्रांना खळबळजनक वाटावं असं काही झालं नाही. तुरुंग नाही, जाहीर खटला नाही. 1978मध्ये लंडनच्या वॉटर्लू पुलावर गेओर्गी मार्कोव्ह या परागंदा बल्गेरियन लेखकाच्या मांडीत विषाची गोळी मारण्यात आली आणि चार दिवसांनी तो मेला. त्या मृत्यूची जगभर बातमी झाली. पेत्रोव्ह यांच्या वाट्याला आलेली शिक्षा बातमी होण्याजोगी नव्हती. देशात राहणाऱ्या लेखकाला अशी शिक्षा फोन येणं कमी होण्यातून कळते. हस्तलिखितं संपादकाच्या टेबलावर पडून राहतात, कामं आधी ठरतात आणि मग रेंगाळतात. नाव पूर्णपणे पुसलंही जात नाही.  पण स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या काळाविषयी लिहिण्याची जागा आक्रसली होती.

तेव्हा ते शेक्सपिअरकडे गेले.

पुढची जवळपास दहा वर्षं या माणसानं एका कवीची सगळी नाटकं बल्गेरियनमध्ये आणली. सुखात्मिका, शोकात्मिका, राजांची इतिहासनाटकं, शेवटची अद्भुत नाटकं, आणि पुढे सुनीतंही. एकट्यानं, पद्याचं पद्यात, श्लेषाला श्लेष शोधून, विदूषकाचा विनोद तिथल्या प्रेक्षकाला हसू येईल असा करून. आपल्याकडे विंदा करंदीकरांनी एकट्या ‘राजा लिअर’वर किती घाम गाळला हे ज्यांनी वाचलंय, त्यांना या कामाचा आवाका कळेल. बल्गेरियन रंगभूमीनं हे अनुवाद आपलेसे केले आणि आजही तिथले अनेक नट पेत्रोव्ह यांचाच शेक्सपिअर बोलतात. सत्तेनं एका कवीला कोपऱ्यात बसवलं आणि त्याच्या भाषेला संपूर्ण शेक्सपिअर मिळाला. यासाठी सत्तेचे आभार मानायचं मात्र कारण नाही. त्या दहा वर्षांत न लिहिल्या गेलेल्या पटकथा आणि कविता कुठल्याच ग्रंथालयात सापडणार नाहीत.

आणि हेही ध्यानात घ्यावं. राजाचा खून करून गादीवर बसलेला मॅकबेथ, हेरांनी भरलेल्या राजवाड्यातला हॅम्लेट, खुशामत करणाऱ्या मुलींना राज्य वाटून देणारा आणि खरं बोलणारीला हाकलणारा लिअर. कॉर्डेलियाकडून बापाला काय हवं असतं? भरसभेत, सगळ्यांदेखत, ठरलेलं वाक्य. ती ते म्हणत नाही. 1970च्या त्या बैठकीत बसून आलेला माणूस हा प्रवेश आपल्या भाषेत उतरवताना कुठल्या शब्दाशी किती वेळ थांबला असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

दुसरा आसरा होता मुलांचा. या काळात आणि पुढे त्यांनी मुलांसाठी नाट्यरूपात परीकथा लिहिल्या. ‘पांढरी गोष्ट’, ‘झोपेचं बटण’ अशा नावांच्या त्या पाच गोष्टी 1986मध्ये एकत्र पुस्तकरूपात निघाल्या. ‘पांढरी गोष्ट’मध्ये बर्फाच्छादित डोंगरावर एकटा राहणारा हवामान-निरीक्षक आहे आणि त्याच्याकडे गोष्ट ऐकायला आलेलं हरणाचं पाडस आहे. बल्गेरियातल्या कित्येक पिढ्या या गोष्टी नाटकांतून, रेडिओवरून, ध्वनिमुद्रिकांवरून ऐकत वाढल्या. मुलांसाठी लिहिणं ही राजवटीपासून लपण्याची जागा होती, असं म्हणण्याची रीत आहे. मला ते पुरेसं वाटत नाही. पेत्रोव्ह मुलांना कमी लेखून लिहीत नव्हते. ज्याला अजून ठरलेली वाक्यं पाठ झालेली नाहीत असा श्रोता त्यांना हवा होता.

म्हणूनच ‘यो हो हो’ हा या सगळ्याचा सारांश वाटतो. पक्षातून काढल्याला अकरा वर्षं झाली आहेत, आणि पटकथेत खाटेला खिळलेला एक नट मोठ्यांच्या खोटेपणानं भरलेली, तरीही विलक्षण सुंदर गोष्ट सांगतोय. समोर हात प्लॅस्टरमध्ये घातलेलं पोर बसलंय. ते गोष्टीवर पूर्ण विश्वास ठेवतं. आणि त्या विश्वासाच्या ओझ्यानंच सांगणाऱ्याचा बेत डळमळू लागतो. ज्याला फसवायचं होतं त्याच्यापुढे खोटं सांगणं अवघड होऊन बसतं.

10 नोव्हेंबर 1989 रोजी झिव्हकोव्ह सत्तेवरून गेले. आता पेत्रोव्ह यांना वीर म्हणून मिरवणं सोपं होतं. नकाराची किंमत मोजलेला माणूस, पक्षातून हाकललेला, शेक्सपिअरचा अनुवादक. त्यांनी स्वतः ती वाट धरली नाही. 1990च्या महा-राष्ट्रसभेत ते समाजवादी पक्षाच्या बाजूनं निवडून गेले, म्हणजे त्याच जुन्या पक्षाच्या वारसाच्या बाजूनं. अनेकांना हे रुचलं नाही. ज्यांनी हाकललं त्यांच्याच बाकावर का बसायचं, हा प्रश्न रास्त आहे, आणि छावण्यांत माणसं गमावलेल्या घरांच्या तोंडून तो आला तर त्याला हलकं उत्तर देता येणार नाही.

मी त्याकडे असं पाहतो. 1970चा नकार आणि 1990ची निष्ठा, दोन्ही एकाच ठिकाणाहून आलेल्या होत्या. ज्यू बापाच्या आणि ख्रिस्ती आईच्या पोटी जन्मलेल्या, कायद्यानं अपमानित होत मोठं झालेल्या मुलाला सगळी माणसं सारखी आहेत असं सांगणारी गोष्ट मिळाली आणि ती त्यानं खरी मानली. ती सांगणाऱ्यांनीच तिचा विश्वासघात केला तेव्हा तो त्यांच्याविरुद्ध उभा राहिला. पण गोष्ट त्यांच्या ताब्यात सोडून तो निघून गेला नाही. यात त्यांची चूक झाली असेल. छावण्यांचा हिशेब त्यानं मिटत नाही. मात्र संधिसाधूपणा यात कुठेच नाही. सत्ता होती तेव्हा त्यांनी नकार दिला, आणि जुनी निष्ठा सोडणंच फायद्याचं झालं तेव्हा ती सोडली नाही. त्यांच्या उतारवयातल्या कवितांत भंगलेल्या स्वप्नाची वेदना आहे, वाढत्या वयाची आहे, आणि कुणाला दोष न देता स्वतःकडे पाहणंही आहे.

पुन्हा ‘द फॉल’कडे येतो. तरसेम यांनी हॉस्पिटल लॉस एंजेलिसला नेलं, काळ मूकपटांचा केला, मुलाच्या जागी एक परदेशी मुलगी आणली. संत्र्यांच्या बागेत पडून तिचा हात मोडला आहे. सांगणारा अमेरिकन आहे. गोष्टीत तो ‘इंडियन’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात अमेरिकेतला मूळ रहिवासी असतो. मुलीनं मात्र बागेत काम करणारा भारतीय पाहिलेला आहे, म्हणून तिच्या डोळ्यांपुढे फेटेवाला येतो. पडद्यावर दिसतो तो तिचा ‘इंडियन’. पुढे हा सांगणारा निराशेच्या भरात गोष्टीतल्या एकेकाला मारत सुटतो. मुलगी रडते, त्याला थांबवते. गोष्ट त्याची असेल, पण आता ती तिचीही आहे, म्हणून शेवट त्यानं एकट्यानं ठरवायचा नाही, असा तिचा दावा असतो. पेत्रोव्ह यांनी ज्या राजवटीत लिहिलं, तिथे शेवट नेहमी वरून ठरून येत असे. तिथल्या एका हॉस्पिटलातून सुरू झालेली ही गोष्ट एका पंजाबी माणसाच्या हातून चांद बावडीच्या पायऱ्यांपर्यंत पोचली आणि तिथे एका लहान मुलीनं शेवटावर आपला हक्क सांगितला.

वालेरी पेत्रोव्ह 27 ऑगस्ट 2014 रोजी सोफियात वारले. 

बालनाट्याची मोठी परंपरा असलेल्या आपल्या मराठी रंगभूमीला माझी एक मागणी आहे. पेत्रोव्ह यांच्या त्या पाच परीकथांतली निदान एक तरी कुणीतरी मराठीत आणावी, आणि जमल्यास इंग्रजीच्या दारातून न येता थेट बल्गेरियनमधून आणावी. ‘पांढरी गोष्ट’पासून सुरुवात करा. तिला रंगमंचावर लागतं एक घर, थोडं बर्फ, एक निरीक्षक, आणि समोर बसून शेवटाबद्दल हट्ट धरणारी पोरं.